साके-दोन म्हणजे दोन साके नव्हेत (सॅल्मन-भाताचा वाडगा : पोटात काय जातं आणि तो आला कुठून)

मेघना_तोक्यो

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय.

गेल्या महिन्यात आईबाबा तोक्योला येऊन गेले. बाबांना मासळी दिसली की बाकी जग दिसत नाही (मूळ गाव गुहागर, पुढचं सांगायला नको). एका दुपारी उएनोला फिरून फिरून पाय बोलायला लागले, म्हणून समोर दिसलेल्या एका चिंचोळ्या दुकानात शिरलो. आठ-नऊ खुर्च्या, ओट्यापलीकडे एक आजोबा, अलीकडे ऑर्डर घेणारी एक मुलगी. बाबांनी चित्रावर बोट ठेवलं. मुलीने खात्री करायला मोठ्याने म्हटलं, "साके-दोन!"

बाबा माझ्याकडे वळले. "अगं, मी दारू कधी मागितली? आणि मागितली तरी दोन कशाला?"

हसून माझी पुरेवाट. तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : साके म्हणजे सॅल्मन. तांदळाच्या दारूलाही साकेच म्हणतात. फरक सुराचा. तोक्योच्या बोलीत मासा असेल तर 'सा' वर आणि 'के' खाली, दारू असेल तर उलट. घोळ नको म्हणून पुष्कळ जण माशाला 'शाके' म्हणून मोकळे होतात. आणि 'दोन' हे 'दोंबुरी'चं शेपूट. दोंबुरी म्हणजे खोलगट मोठा वाडगा, आणि त्यात गरम भात घेऊन वर काहीबाही रचलं की त्या पदार्थालाही दोंबुरीच म्हणायचं. आपण 'थाळी' म्हणतो तेव्हा ताटही असतं आणि जेवणही, तसंच.

वाडगा आला. खाली वाफाळता भात, त्यावर नोरीची (समुद्री शेवाळाच्या कागदाची) कात्रणं. एका बाजूला भाजून मोकळा केलेला खारवलेला सॅल्मन, दुसऱ्या बाजूला इकुरा म्हणजे सॅल्मनची गाबोळी. आपल्याकडे गाबोळी पिशवीसकट तळतो, इथे पिशवी सोडवून दाणे सुटे करतात आणि मिठात किंवा सोया सॉसमध्ये मुरवतात. टपोरे केशरी मणी. दाताखाली फुटला की खारट, तेलकट, समुद्राच्या चवीचा रस. बाबांचे डोळे मिटले.

आईने मात्र चमचा मागितला आणि सगळं व्यवस्थित कालवलं. मासा, गाबोळी, नोरी, भात, सगळ्याचा एकजीव गोळा. ओट्यापलीकडच्या आजोबांचा हात क्षणभर थांबला. बोलले काहीच नाहीत, पण मला कानकोंडं झालं. कारण इथे दोंबुरी कालवत नाहीत. वरचा थर आणि खालचा भात एका घासात उचलायचा आणि जे काय मिसळायचं ते तोंडात. याला इथे शब्दही आहे, 'कोओचू चोओमी', म्हणजे तोंडातल्या तोंडात चव जुळवणं. आईला हे समजावलं तर म्हणाली, "मग बोटं कशाला दिली आहेत देवाने?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर दोन प्रश्न उरले, म्हणून हा धागा.

१. बाबांना साखरेची गोळी चालू आहे, आईचं ड जीवनसत्त्व कायम तळाला. असा वाडगा आठवड्यातून एकदा खाल्ला तर बरं की वाईट?

२. सगळे म्हणतात सॅल्मन म्हणजे जपानचा पुरातन मासा, सुशीचा राजा. पण शेजारच्या काकू (वय ७८) म्हणाल्या, "आमच्या लहानपणी कच्चा सॅल्मन? छे! कुणी खाल्ला असता तर आईने बदडलं असतं." मग हे कच्च्या सॅल्मनचं खूळ आलं कुठून?

अण्णा_दादर

शाके म्हटल्यावर मला पंचांग आठवलं. शालिवाहन शाके, सॅल्मन संवत्सरे.

आईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा. कालवला नाही तो भात कसला.

खाडीकाठचा

मेघनाताई, आमच्याकडे रावसाला सर्रास 'इंडियन सॅल्मन' म्हणतात. हॉटेलच्या मेनूतही छापलेलं असतं. मग तोच मासा ना हा? रावस ताजा मिळतो, तर घरी हा प्रकार कच्चा करून बघावा म्हणतो.

मेघना_तोक्यो

थांबा थांबा! रावस आणि सॅल्मन यांचं लांबूनही नातं नाही. रावसाच्या गळ्याखाली मिशांसारखे धागे असतात, त्याचं कूळच वेगळं. बहुधा साहेबाच्या काळात कुणाला तरी तुकडी तशी दिसली आणि नाव चिकटलं. रावस भाजा, तळा, कालवण करा. कच्चा नको!

फ्योर्डवासी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खिडकीतून दिसतं, म्हणून लिहितो. मी नॉर्वेतल्या बर्गनला असतो, मत्स्यशेतीच्या धंद्याशी पोटापाण्याचा संबंध आहे (आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी म्हणायला नको).

तुमच्या काकूंचं शंभर टक्के बरोबर. जपानच्या नद्यांत येणारा मुख्य सॅल्मन वेगळ्या जातीचा आहे, त्याला तिकडे शिरोझाके म्हणतात. तो प्रशांत महासागरात वाढतो, तिथली कोळंबीसारखी बारीक जिवावळ आणि लहान मासे खातो, आणि त्यातून त्याच्या अंगात आनिसाकिस नावाचा दोऱ्यासारखा किडा येतो. हा जिवंत पोटात गेला तर काही तासांत असं दुखतं की माणूस लोळतो. त्यामुळे जपानी माणूस सॅल्मन खारवायचा, भाजायचा, सुकवायचा. कच्चा नाही म्हणजे नाही. जुन्या एदो (तोक्योचं जुनं नाव) वळणाच्या काही सुशीवाल्यांकडे आजही सॅल्मन मिळत नाही, त्यामागे हेच.

आता आमची बाजू. नॉर्वेत १९७० साली हित्रा बेटावर ग्रोन्टवेट बंधूंनी समुद्रात जाळ्यांचे पिंजरे टाकून सॅल्मन वाढवायला घेतला आणि ते जमलं. बघता बघता मासा एवढा झाला की खाणारी तोंडं कमी पडायला लागली. १९८५ साली मत्स्यखात्याचे मंत्री थोर लिस्ताउ शिष्टमंडळ घेऊन जपानला गेले आणि त्यातून 'प्रोजेक्ट जपान' नावाची सरकारी मोहीम उभी राहिली. हिशोब सोपा होता. भाजायच्या माशाला जपानात भाव बेताचा, कच्चा खायच्या माशाला कैक पट. आणि पिंजऱ्यातला मासा कोरड्या खाद्याच्या गोळ्यांवर वाढतो, त्यामुळे त्या किड्याची भीती नगण्य.

पण जपानी व्यापारी तयार होईनात. रंग चुकीचा, वास चुकीचा, डोक्याचा आकारसुद्धा चुकीचा! बियोर्न एरिक ओल्सेन हे या मोहिमेतले गृहस्थ वर्षानुवर्षं डोकं आपटत राहिले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत गोठवलेल्या सॅल्मनचे ढीग साठले होते, मिळेल त्या भावात फुंकून टाका असा दबाव होता. तरी ओल्सेन यांनी निचिरेई या जपानी कंपनीला ५००० टन मासा स्वस्तात दिला तो एका अटीवर : तो भाजायला नाही, सुशीसाठी म्हणूनच विकायचा. तिथून गाडी रुळावर आली.

नावाचीही गंमत आहे. जुन्या खारवलेल्या माशाला 'साके', आणि हा नवा कच्चा खायचा तो 'सामोन', परदेशी शब्दांच्या लिपीत लिहिलेला. बिऱ्हाडच वेगळं केलं, म्हणजे जुनी भीती नव्या माशाला चिकटायला नको.

मेघना_तोक्यो

अरेच्चा! म्हणजे कच्चा सॅल्मन जपानात जवळपास माझ्याच वयाचा आहे. आणि आता बघा, फिरत्या पट्ट्याच्या सुशी दुकानांत आवडता मासा कुठला विचारलं की वर्षानुवर्षं सॅल्मनचाच पहिला नंबर. माझ्या लेकाला ट्यूना दिला तर तोंड वाकडं करतो.

शंकेखोर

म्हणजे 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणून जे दीड हजार रुपयांना मुंबईत विकतात ते मुळात नॉर्वेची जाहिरात. वा.

आणि फ्योर्डवासी, धंद्याचं मीठ खाता म्हणून ही बाजू मांडलीत, दुसरी कोण मांडणार? पिंजऱ्यातल्या माशाला रंग देतात म्हणे. नाहीतर तो पांढराच असतो.

फ्योर्डवासी

शंकेखोर, रंगाचं अर्धं खरं. सॅल्मन मुळात पांढऱ्या मांसाच्याच गटातला मासा. जंगली सॅल्मन केशरी होतो तो कोळंबीवर्गीय जिवांतल्या अस्टाझॅंथिन या रंगद्रव्यामुळे. पिंजऱ्यातल्या माशाला तेच द्रव्य खाद्यातून दिलं जातं. कापलेल्या तुकडीला कुणी ब्रश मारत नाही.

दुसरी बाजू मीच मांडतो. समुद्री उवा हा इथला मोठा त्रास आहे. पिंजऱ्यातून निसटलेले मासे नदीतल्या जंगली माशांत मिसळतात, तेही वाईट. प्रतिजैविकं मात्र नॉर्वेत लसी आल्यापासून जवळजवळ बंद झाली. चिलीचं तसं नाही. खाद्यही बदललं. १९९०च्या सुमाराला ते जवळजवळ सगळं माशाचंच असायचं, आता त्यातला मोठा भाग सोया, मोहरीवर्गीय तेल असा वनस्पतीजन्य आहे. त्यामुळे तुकडीतलं ओमेगा-३ पूर्वीपेक्षा घटलंय. पोषणवाल्या ताई येतीलच, त्या सांगतील.

वाटी_चमचा

आलेच. (पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. इथे लिहिलेलं सल्ला म्हणून घेऊ नका, बाबांच्या डॉक्टरांना विचारा, हे ओघाने आलंच.)

आधी एक गोष्ट. 'सॅल्मन राइस बोल' म्हणून सरसकट आकडा देणारे लोक मला आवडत नाहीत, कारण सगळं भात किती यावर ठरतं. दुकानातला साधा वाडगा धरू : शिजलेला पांढरा भात २५० ग्रॅम, पिंजऱ्यातला सॅल्मन १०० ग्रॅम, इकुरा २० ग्रॅम, सोया सॉस एक मोठा चमचा.

भाताच्या ३९० कॅलरी, माशाच्या सव्वादोनशेच्या आत, इकुराच्या ५०. सगळं मिळून ६७०च्या आसपास. प्रथिनं ३३-३४ ग्रॅम, त्यातली २० एकट्या माशाची. भातातलं कर्बोदक ९० ग्रॅमच्या वर. म्हणजे प्रश्न माशाचा नाहीच, प्रश्न भाताचा आहे. बाबांनी भात निम्मा सांगावा (दुकानात तसं सांगता येतं ना मेघना?) आणि आधी भाजी, सूप, मासा खाऊन मग भाताकडे वळावं. त्या क्रमाने साखर सावकाश चढते. दोंबुरीत हा क्रम पाळणं अवघड, कारण तिची मजाच एका घासात दोन्ही घेण्यात. बाबांची पंचाईत आहे खरी.

ओमेगा-३ : घटलं तरी पिंजऱ्यातल्या माशात १०० ग्रॅमला एक ते दोन ग्रॅम ईपीए आणि डीएचए (ओमेगा-३चे दोन प्रकार) मिळून असतं. युरोपात रोज पाव ग्रॅम पुरे असं सांगतात, म्हणजे एका वाडग्यात जवळजवळ आठवड्याची बेगमी. खारवतात त्या शिरोझाकेत चरबीच कमी (१०० ग्रॅमला चारेक ग्रॅम, पिंजऱ्यातल्यात १३ ते १६), त्यामुळे ओमेगा-३ही कमी आणि कॅलरीही सव्वाशेच्या आत.

ड जीवनसत्त्व मात्र उलट! जपानी तक्त्यांप्रमाणे शिरोझाकेत १०० ग्रॅमला ३२ मायक्रोग्रॅम, पिंजऱ्यातल्यात दहाच्या आसपास. आपल्याकडची शिफारस दिवसाला १५. म्हणजे आईंनी साधा भाजलेला साके खावा, त्याला ते कच्चं केशरी नखरेल काही लागत नाही. बी-१२ दोन्हीत भरपूर.

आता खरा खलनायक. मीठ. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅमच्या वर मीठ असतं. इकुरातलं अर्धा ग्रॅम. सोबतच्या मिसो सूपचं सव्वा ते दीड. झाले साडेचार. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. जपानी माणूस सरासरी १० ग्रॅमच्या घरात आहे आणि तिथलं सरकार कितीतरी वर्षं त्यामागे लागलंय. 'जपानी जेवण म्हणजे आरोग्यदायी' हे वाक्य कुणी फेकलं की मी सोया सॉसची बाटली दाखवते.

आणि तंतू जवळजवळ नाहीत. ते बाजूच्या छोट्या वाट्यांत असायचे : उकडलेला पालक, हिजिकी शेवाळ, मुळ्याचं लोणचं. वाडगा एकटा उचलून इन्स्टावर टाकला की त्या वाट्या गायब होतात.

शुद्धशाकाहारी_पण

मी मासे खात नाही, पण धागा सोडवत नाही. जवसाच्या चटणीत ओमेगा-३ असतं ना? मग आम्हाला सॅल्मनची गरज काय?

वाटी_चमचा

जवस उत्तमच, खात राहा. पण त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं (एएलए). शरीर त्याचं ईपीए-डीएचएत रूपांतर फार थोडं करतं. शाकाहारी मंडळींसाठी शैवालापासून काढलेलं डीएचए मिळतं. माशातही ते मुळात शैवालातूनच येतं.

अण्णा_दादर

माझ्या युरिक ॲसिडला ही गाबोळी चालेल का? डॉक्टरांनी मासळीबाजाराकडे बघायलाही बंदी केलीय.

वाटी_चमचा

अण्णा, गंमत म्हणजे इकुरात प्युरिन (ज्यापासून युरिक ॲसिड बनतं) अगदी नगण्य. दाणे मोठे, पेशी कमी. कोलेस्टेरॉल आणि मीठ मात्र दणदणीत, त्यामुळे एवढ्यात उड्या मारू नका. आणि सोबत बिअर घेतलीत तर माझं नाव सांगू नका.

सापोरोची_सावली

होक्काइदोत (जपानचं उत्तरेकडचं बेट) संशोधनासाठी चार वर्षं काढली, आता परत आलेय. इथे नॉर्वे, जपान झालं, पण ज्यांचा हा मासा आधीपासून होता त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

होक्काइदोचे मूळ रहिवासी आइनू. त्यांच्या भाषेत सॅल्मनला 'कामुय चेप' म्हणतात, देवाचा मासा. दुसरा शब्द 'शिपे', खरं अन्न. आपण भाकरीला जसं 'अन्न' म्हणू, तसं. मांस खायचं, कातड्याचे जोडे शिवायचे. 'चेप केरि' नावाचे ते जोडे मी संग्रहालयात पाहिलेत, खवल्यांची नक्षी तशीच दिसते.

आणि फ्योर्डवासी, एक छोटी दुरुस्ती. 'कच्चा नाही म्हणजे नाही' असं नाही. आइनू हिवाळ्यात सॅल्मन बाहेर बर्फात गोठवायचे आणि अर्धवट वितळलेल्या फाका खायचे. त्याला 'रुइबे' म्हणतात, मूळ आइनू शब्दाचा अर्थ 'वितळणारं अन्न'. मी खाल्लंय. जिभेवर आधी बर्फ, मग तूप. आज जपानचं आरोग्य खातं सांगतं की आनिसाकिस मारायचा तर मासा उणे २० अंशांवर २४ तास गोठवा. आइनूंना हे त्यांच्या थंडीने शिकवलं होतं.

पुढची गोष्ट सुखाची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेइजी सरकारने होक्काइदो ताब्यात घेतलं आणि नद्यांत सॅल्मन धरायला आइनूंना बंदी केली. ज्याला ते खरं अन्न म्हणायचे, तेच धरलं की चोरी ठरायची. १९८२ साली सापोरोत पहिल्या सॅल्मनच्या स्वागताचा विधी, 'आशिरी चेप नोमी', पुन्हा सुरू झाला. २०१९च्या कायद्यात आइनूंना मूळनिवासी म्हटलं गेलं, पण नदीतल्या माशावरचा हक्क त्यात नाही. २०२० साली उराहोरोच्या आइनू मंडळींनी त्यासाठी कोर्टात दावा लावला आणि २०२४ला सापोरोच्या कोर्टात ते हरले.

एक हलकी गोष्टही सांगते. सापोरोजवळ चितोसेला १८८८ सालापासून सॅल्मनची अंडी उबवण्याचं केंद्र आहे, आणि तिथल्या नदीत वर येणारे मासे धरायला एक मोठं फिरतं चाक आहे. त्याचं नाव 'इंडियन सुइशा', म्हणजे इंडियन पाणचक्की! मी छाती फुगवून फोटो काढले. मग कळलं, इंडियन म्हणजे अमेरिकेतले.

खाडीकाठचा

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या खाडीत ट्रॉलरवाल्यांनी काय केलं ते आठवलं. पण तो विषय वेगळा, इथे नको.

एक प्रश्न : गोठवून चालतं तर माझ्या घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात रात्रभर ठेवला तर?

वाटी_चमचा

नको. घरचा कप्पा फार तर उणे १८ दाखवतो, दार उघडलं की तेही नाही, आणि जाड तुकडीच्या गाभ्यापर्यंत ती थंडी पोचायला वेळ लागतो. वासाबी, व्हिनेगर, मीठ, लिंबू यांनीही तो किडा मरत नाही. आणि हे झालं किड्याचं. बाजारात बर्फ वितळून पुन्हा घातलेल्या माशातले जंतू वेगळेच, ते गोठवून मरत नाहीत. शिजवा, विषय संपला. गरोदर बायांनी तर कच्च्याच्या वाटेला जाऊच नये.

मेघना_तोक्यो

इथल्या दुकानात पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं, 'साशिमी-यो' म्हणजे कच्चा खायला आणि 'कानेत्सु-यो' म्हणजे शिजवायला. शेजारी शेजारी, रंगही तोच. नवीन आले तेव्हा मला वाचता यायचं नाही. एकदा दुसरंच पाकीट आणून ऐटीत साशिमी कापायला घेतली. शेजारच्या काकू लोणचं द्यायला आल्या होत्या, त्यांनी माझ्या हातातली सुरीच काढून घेतली. तेव्हापासून आमची मैत्री.

आणि हो ताई, भात कमी सांगता येतो. 'गोहान सुकुनामे' म्हणायचं. बाबांना शिकवलं होतं, पण ते म्हणायला विसरायचे. दर वेळी. योगायोगाने.

सापोरोची_सावली, तुम्ही लिहिलंत त्यावर काय बोलू. मी इतकी वर्षं इथे राहून यातलं निम्मंही मला माहीत नव्हतं.

भाताचं_भूत

सगळे माशावर, भाताला कुणी वालीच नाही. दोंबुरीत निम्म्याहून जास्त वजन भाताचं असतं, लोकहो!

तो भात आखूड, गोल दाण्याचा. त्यात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) कमी, म्हणून शितं एकमेकांना धरून राहतात आणि काड्यांनी उचलता येतात. कोशिहिकारी हे त्यातलं नावाजलेलं वाण १९५६ सालचं. आपल्याकडे घरी करायचं असेल तर बासमती चुकूनही घेऊ नका, काड्यांतून शीत न् शीत गळेल आणि माशाचा रस वाडग्याच्या तळाशी जाऊन बसेल. इंद्रायणी घ्या. मावळातला तांदूळ, शिजला की चिकट. वास थोडा जास्त येतो, पण काम होतं. तीन-चार पाण्यांनी धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, झाकण न उघडता शिजवायचा आणि नंतर दहा मिनिटं तसाच ठेवायचा. दोंबुरीचा भात साधा आणि गरम. सुशीचा भात व्हिनेगर-साखर घालून निववलेला. काही ठिकाणी कच्च्या माशाखाली तोही घालतात, पण भाजलेल्या साकेखाली साधाच शोभतो.

शंकेखोर

बरं, कच्चा नवा. मग खारवलेला तरी अस्सल जुना ना? का तिथेही कुणाची मोहीम?

मेघना_तोक्यो

खारवलेला अगदी जुना. निइगाता प्रांतात मुराकामी नावाचं गाव आहे, तिथे हिवाळ्यात घराघरांच्या वळचणीला मीठ चोळलेले अख्खे सॅल्मन टांगलेले असतात. आपल्याकडे वाळत घातलेली बोंबलांची तोरणं आठवा, फक्त एकेक बोंबील हातभर लांब. अठराव्या शतकात तिथल्या आओतो बुहेइजी नावाच्या सामुराईने ओळखलं की मासा जन्मल्या नदीत परत येतो, आणि त्याने अंडी घालायला राखीव प्रवाह तयार करवला. अजून एक : हा सामुराईंचा गाव, म्हणून माशाचं पोट सरळ चिरत नाहीत. पोट चिरणं म्हणजे हाराकिरी. मधे थोडी कातडी शाबूत ठेवून दोन तुकड्यांत चीर देतात. टांगतातही शेपटीकडून, गळफास वाटू नये म्हणून.

मियागीतल्या वातारी भागात 'हाराको-मेशी' करतात. सॅल्मन ज्या रश्शात शिजवला त्याच रश्शात भात शिजवायचा, वर तो सॅल्मन आणि गाबोळी. आमच्या आईला हे खरं आवडलं असतं, आपोआपच सगळं कालवलेलं! आणि नव्या वर्षाच्या आदल्या रात्री पूर्व जपानात सॅल्मन तर पश्चिमेकडे बुरी नावाचा मासा लागतो. पुरणपोळी गुळाची की साखरेची यावर आपण भांडतो तसंच.

पण तुमच्या शंकेला दाद द्यायला हवी. आज सुपरमार्केटात जो स्वस्त खारवलेला सॅल्मन मिळतो त्यातला पुष्कळसा गिनझाके जातीचा, आणि येतो चिलीतून. दक्षिण गोलार्धात सॅल्मन मुळात नव्हताच. तिथे तो रुजवायला १९७०च्या दशकापासून जपानी मदत होती. आणि होक्काइदोतला शिरोझाके वर्षागणिक कमी येतोय, समुद्र तापल्यामुळे. काकू म्हणतात, पूर्वी वर्षअखेरीला लोक भेट म्हणून अख्खा खारवलेला सॅल्मन पाठवायचे आणि एवढा मासा ठेवायचा कुठे म्हणून वैतागायचे. आता कुणी अर्धा पाठवला तरी फोन करून आभार.

अण्णा_दादर

मला एक कळलं नाही. सॅल्मन आणि त्याचीच गाबोळी एकाच वाडग्यात. कसंसंच नाही वाटत?

मेघना_तोक्यो

अण्णा, त्याचं नावच 'ओयाको-दोन', म्हणजे आईबाप-लेकरू वाडगा! मुळात ते कोंबडी आणि अंड्याच्या दोंबुरीचं नाव, १८९१ साली तोक्योतल्या तामाहिदे या हॉटेलात निघाली म्हणतात. तेच पुढे सॅल्मनला लावलं. आणि 'इकुरा' हा शब्द जपानी नाहीच, रशियन 'इक्रा'वरून आलाय.

सापोरोची_सावली

कुणी होक्काइदोला जाणार असेल तर कुशिरोच्या वाशो बाजारात 'कात्ते-दोन' खा. आधी एका गाळ्यावर नुसत्या भाताचा वाडगा विकत घ्यायचा, मग तो हातात धरून मासळीवाल्यांकडे फिरायचं आणि एकेक तुकडी मागून वर ठेवून घ्यायची. मोटरसायकलवर भटकणाऱ्या कफल्लक पोरांसाठी सुरू झालेला प्रकार. माझा वाडगा दर वेळी ठरवल्यापेक्षा महाग व्हायचा. मावशीबाई "हेही घे गं" म्हणाल्या की नाही म्हणवत नाही.

मेघना_तोक्यो

ताजी बातमी. काल बाबांचा गुहागरहून व्हिडिओ कॉल. वाडग्यात इंद्रायणी भात (भाताचं_भूत यांचा प्रतिसाद मी वाचून दाखवला होता), वर भाजून काटे काढलेला खारा बांगडा, बाजूला तळलेली गाबोळी. कालवलं नव्हतं. पठ्ठ्याने एका घासात दोन्ही उचलून दाखवलं. म्हणाले, "बघ, बांगडा-दोन."

मागून आईचा आवाज : "दुसरा मांजराने नेला."

खाडीकाठचा

बांगडा आधी भिजवला होता का? नाहीतर वाटी_चमचा ताई ओरडतील.

मेघना_तोक्यो

रात्रभर. दोनदा पाणी बदलून. तरी खारट होता म्हणे.